आवाज दादाच्या हातात

दादा गेला त्या क्षणी मी त्याला शिव्या देत होतो. अशा लेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मलाही कळतं. 'मन सुन्न झालं', 'शब्द सुचेनात' असं काहीतरी लिहायचं असतं. पण मला शब्द चांगले भराभर सुचत होते, आणि ते इथं छापता येण्यासारखे नाहीत, एवढीच काय ती अडचण आहे. सुट्टीची दुपार होती. टीव्हीवर क्रिकेटचा सामना रंगात आला होता, आपल्याला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, आणि ऐन वेळी आमच्या टीव्हीचा आवाज गेला. चित्र होतं तसं चालू. मैदानात माणसं तोंडं उघडून नाचतायत, झेंडे हलतायत आणि घरात शांतता. आता चारचौघांच्या घरी टीव्हीचा आवाज गेला तर माणूस उठून टीव्हीला थाप मारतो. मी उठून भिंतीवर बुक्की मारली. कारण आमच्या टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडे, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या घरात, त्याच्या हाताखाली असायचा. तो तिथं कसा गेला, ते सांगतोच... पण त्या दुपारी मी नेहमीसारखा ओरडलो, "ए दादा! आवाज दे! मुद्दाम करतोयस, मला कळत नाही काय?" आणखी दोन बुक्क्या मारल्या, चार शब्द जास्तीचे वापरले. तेवढ्यात वहिनी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सणवार सोडला तर त्या आमचा उंबरा ओलांडत नसत. म्हणाल्या, "भाऊजी, भिंत नका वाजवू... ते उठंनात."

मी धावलो. दादा खुर्चीत बसला होता, मान एका खांद्यावर, हात मांडीवर. शेजारी ॲम्प्लिफायर, त्याचा हिरवा दिवा चालू. डॉक्टर आले, नाडी बघितली, चष्मा काढून पुसला. सगळे डॉक्टरांकडं बघत होते, आणि मी आवाजाच्या बटणाकडं. बटण पार डावीकडं, शून्यावर फिरवलेलं होतं. असा भाऊ कुणाला मिळू नये, असं तुम्हाला वाटेल. दादालाही आयुष्यभर तेच वाटत होतं.

याला आता महिना उलटून गेला. लोक भेटायला येतात आणि 'फार मायाळू माणूस' म्हणतात. मी मान हलवतो. दादाच्या मायाळूपणाचा अनुभव बहुधा लांबच्या लोकांना येत असावा. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्याच्या वाट्याला तो आला नाही. तो फौंड्रीत सुपरवायझर होता. दिवसभर भट्टीच्या आणि घणाच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळं घरी 'मीठ वाढ' म्हणाला तरी शेजारच्या आळीला भांडण लागल्यासारखं वाटायचं. मी बँकेत कारकून. माझं बोलणं हळू, पण बायको म्हणते तसं, टोचायला पुरेसं. असे आम्ही दोघं एका बापाच्या पोटी का आलो, हे कोडं आईलाही सुटलं नव्हतं.

भांडणाचं मूळ बाबांच्या सेटमध्ये आहे. बाबा कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत आवाजाच्या खात्यात होते. सगळं गाव नट-नट्यांच्या मागं धावायचं तेव्हा बाबा म्हणायचे, "चित्राचं काय कौतुक? डोळे मिटले की गेलं. कान मिटून दाखवा." साठ-सत्तरच्या दरम्यान, पेठेत ज्याच्या घरी रेडिओ तो मोठा माणूस, अशा काळात बाबांनी सुटे भाग मुंबईहून मागवून, कितीतरी सुट्ट्या खर्ची घालून, घरी स्टिरिओ सेट उभा केला. मधोमध ॲम्प्लिफायर, त्याला आम्ही 'मधला डबा' म्हणत असू. त्याच्यावर रेकॉर्ड फिरवायची तबकडी. आणि दोन बाजूंना कमरेएवढ्या उंच दोन सागवानी पेट्या, त्यांच्यात स्पीकर. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची पुढची मोठी खोली, तिला आमच्याकडं सोपा म्हणतात, त्या सोप्याच्या एका टोकाला डावी पेटी, दुसऱ्या टोकाला उजवी, आणि समोर बरोबर मध्यावर एक खुर्ची. त्या मधल्या खुर्चीवर बसलं की दोन्हीकडचा आवाज एकत्र येऊन गाणारी बाई समोर उभी राहिल्यासारखी वाटायची. खुर्ची वीतभर सरकवली तरी बाबा ओरडायचे. देवघरातला देव हलला तर चालेल, खुर्ची हलता कामा नये.

बाबांकडं एक नमुन्याची रेकॉर्ड होती. स्टिरिओ म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून कुठल्याशा कंपनीनं काढलेली. तीत गाणं नव्हतं. तीत एक माणूस चालायचा. आधी डाव्या पेटीत दार करकरून उघडायचं. मग बुटांचा टाक टाक आवाज डावीकडून निघायचा, खोलीच्या मधून, ऐकणाऱ्याच्या पुढ्यातून उजव्या पेटीपर्यंत जायचा. तिथं तो माणूस थांबायचा, खाकरायचा, आणि वळून पुन्हा टाक टाक करत डावीकडं. दार बंद. बास, एवढंच. पण ते ऐकायला पेठेतली माणसं यायची. शेजारच्या काकू तर जमिनीवर पाय पसरून बसलेल्या असायच्या, आणि तो माणूस मध्यावर आला की चटकन पाय आखडून घ्यायच्या. बाबांना त्याचा केवढा आनंद! दादा थोरला म्हणून डाव्या पेटीशी बसायचा, मी धाकटा म्हणून उजवीशी. दादा मला तेव्हापासून डिवचायचा. "त्यो माझ्या घरातला माणूस हाय, बाळ्या. माझ्याच दारातनं निघतो आन् माझ्याच दारात परत येतो. तुझ्याकडं नुसता खाकरायला येतो." मी रडायचो. बाबा म्हणायचे, "अरे, दोघं मिळून एक खोली आहे." दादा म्हणायचा, "मग दार माझ्याकडं कसं?"

बाबा गेले, दादाचं लग्न आधीच झालं होतं, मग माझं झालं. माझ्या सासऱ्यांनी लग्नात लोखंडी कपाट दिलं. चांगलं आरशाचं, हिरव्या रंगाचं, एका माणसाला सहजी हलणार नाही असं. ते ठेवायला घरात एकच जागा होती, उजव्या पेटीची. मी पेटी थोडी पुढं ओढली आणि मागं कपाट सरकवलं. दादा फौंड्रीतून आला, डबा खाली ठेवायच्या आधी पेटीकडं बघितलं. "पेटी कुणी हलवली?" मी म्हटलं, "मी. कपाट कुठं ठेवू, डोक्यावर?" तो म्हणाला, "ठेव की. मोकळंच हाय ते." मग पेटी मागं, कपाट पुढं, दुसऱ्या दिवशी कपाट मागं, पेटी पुढं. आठवडाभर ती दोन अवजड धुडं आम्ही दोघं आळीपाळीनं ढकलत होतो, एकमेकांशी न बोलता. बायका चुलीपाशी उभ्या राहून बघत होत्या. शेवटी ढकलाढकलीत कपाटाचा आरसा तडकला, माझी बायको रडली, वहिनींनी 'आरसाच तर हाय' म्हटलं, आणि घराचे दोन भाग करायचं ठरलं.

वाटणी करायला कोडोलीहून मामा आले. मामांचा ऊस होता, म्हशी होत्या, आणि कुठलीही गोष्ट जेवणाआधी मिटली पाहिजे हा एकच नियम होता. भांडी, पाट, पितळी डबे सगळं दोन ढिगांत पडलं. मग ते सेटसमोर आले. त्यांच्या दृष्टीनं ती दोन पेट्यांची जोडी म्हणजे बैलजोडीतले दोन बैल. तोडली तर प्रत्येकाला एकेक मिळतो आणि प्रत्येक बैल आपापला चालतो. म्हणाले, "दोन भाऊ, दोन पेट्या. मधला डबा आन् ती फिरती ताटली थोरल्याला, कारण त्यो थोरला. रेकॉर्डी समद्या धाकट्याला, म्हंजे त्यालाबी कमी न्हाय. झालं की! उठा, पानं वाढा."

मी म्हटलं, "मामा, एका पेटीत अर्धंच गाणं वाजतं."

मामा म्हणाले, "मग अर्धं ऐका की. पुरं ऐकून कुणाचं भलं झालंय?"

आम्हा दोघांपैकी एकानंही नको म्हटलं नाही. दादाला वाटलं, मी रेकॉर्डी सोडीन. मला वाटलं, तो मधला डबा सोडेल. सोप्याच्या बरोबर मध्यावर, जिथं बाबांची खुर्ची होती तिथं, छतापर्यंत विटांची भिंत उठली. दादाकडं वाजवायचं यंत्र आणि वाजवायला काही नाही. माझ्याकडं कपाटभर रेकॉर्डी आणि त्या नुसत्या पुसायच्या. माझ्या वाट्याच्या पेटीवर बायकोनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. दादानं मात्र ईर्ष्येनं नव्या रेकॉर्डी आणायला सुरुवात केली. त्याच्याकडं डावी पेटीच. गाणारा तीत यायचा, पण तबला-हार्मोनियम बहुतेक माझ्या बाजूला, म्हणजे लोणच्याखाली, मुकी. दादानं वर्षानुवर्षं तबल्यावाचून गाणी ऐकली, आणि तीही दारं-खिडक्या उघडी टाकून. भिंतीला कान लावला तर खुर्चीच्या हातावर त्याची बोटं वाजताना ऐकू यायची. राहिलेला तबला तो स्वतः वाजवायचा. वाईट वाजवायचा. दर दिवाळीला त्याचा निरोप यायचा, "पेटी परत दे म्हणावं." मी उलट निरोप धाडायचो, "मधला डबा दे, पेटी तिथंच आहे." एवढाच काय तो आमचा फराळ.

मग टीव्ही आला. मी रंगीत टीव्ही घेतला आणि वर व्हिडिओही घेतला. दोन्ही अर्थातच आवडीसाठी. दादाला दाखवायला म्हणून घेतले असं जे बायको म्हणते त्यात फार तर निम्मं तथ्य असेल. आई माझ्याकडं राहायची, जेवण मात्र दोन्हीकडचं चाखायची आणि दोन्हीकडं नावं ठेवायची. तिचे कान गेले होते. टीव्हीसमोर बसायची, माणसं हलताना दिसायची, ऐकू काही यायचं नाही. टीव्हीचा स्वतःचा स्पीकर तळहाताएवढा. मोठा केला की फाटायचा. थोडे दिवस तिनं सोसलं. मग एका सकाळी म्हणाली, "मला ह्या मुक्या माणसांत बसवू नगंस. ह्यांचा सेट लाव." मी तिला समजावलं, की मधला डबा पलीकडं आहे. ती उठली, बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन आमच्या दोन दारांच्या मध्ये उभी राहिली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "दोघं एकमेकांची डोकी फोडा, मी काय मधी पडत न्हाय. पर मी मरायच्या आदी मला ऐकू आलं पायजे. डबा हिकडं आणा, न्हायतर टीव्ही तिकडं न्या. कसं ते तुमचं तुमी बघा!"

डबा हलणार नाही, दादा आतून ओरडला. टीव्ही हलणार नाही, मी बाहेर येऊन सांगितलं. आई कट्ट्यावरच बसली. दुपारचं जेवलीही नाही. तेव्हा, दोघांनाही आपल्या घरातली वस्तू न हलवता आईला उठवायचं असल्यामुळं, भिंतीला भोक पाडायचं ठरलं. तेही सरळ नाही. दादानं त्याच्या बाजूनं छिन्नी लावली, मी माझ्या. 'तू माप घ्यायला माझ्या घरात ये' असं कोण म्हणणार? तो विचार करून म्हणाला, जमिनीपासून हातभर. मीही हातभर वर धरलं. फक्त त्याचा हात फौंड्रीतला आणि माझा बँकेतला. दोघांनी तासभर खोदलं, पलीकडचा उजेड कुणालाच दिसेना. ती दोन आंधळी भोकं अजून आहेत. माझ्या भोकात बायको काडेपेटी ठेवते. शेवटी वहिनींनी पलीकडून लाटणं आपटलं, त्या आवाजाच्या रोखानं मी नवीन भोक पाडलं, आणि वायर आत सारली. मग कित्येक वर्षांनंतर दादाचा आवाज माझ्याशी, म्हणजे सरळ माझ्याशी, बोलला. "लाल वायर वरच्या खिळ्याला! वरच्या म्हटलं की, खुळ्या! खालच्या नव्हं!" मी म्हटलं, "तुझा वरचा आणि माझा वरचा एकच कशावरून?" तो म्हणाला, "बाबांनी एवढं शिकवलं, सगळं तुझ्या डोक्यावरनं गेलं." मी वायर वरच्या खिळ्याला लावली. रागानं लावली.

तर अशी ती जोडणी झाली. टीव्हीला कानात घालायच्या यंत्रासाठी एक भोक असतं. त्यात पिन घातली की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो आणि वायरीतून बाहेर पडतो. तो भिंतीतून दादाकडं जायचा, मधल्या डब्यातून मोठा होऊन एक वाट त्याच्या पेटीला, आणि दुसरी वाट पुन्हा भिंतीतून माझ्या पेटीला. थोडक्यात, चित्र माझं आणि आवाज त्याचा. पहिल्या दिवशी बरण्या उतरवून आईला पेटीशेजारी बसवलं. बातम्या देणारा माणूस असा काही गरजला की खिडकीच्या काचा थरथरल्या. आई दचकली आणि पडद्याकडं हात करून म्हणाली, "एवढ्यांदा कशाला वरडतोस रं? मी काय भैरी हाय?" तेवढ्यावर त्या दिवशी दोन्ही घरं हसली. एकत्र नाही, आपापल्या बाजूला.

पण हसण्यानं काही मिटत नसतं. उलट आता लढायला हत्यारं मिळाली होती. शनिवारी संध्याकाळी मी व्हिडिओवर सिनेमा लावायचो. पेट्यांच्या आवाजामुळं आमच्या खोलीला शेजारी 'थेटर' म्हणू लागले. कुणी चटई आणायचं, कुणी शेंगा. मी मालकासारखा दारात उभा राहायचो. पलीकडं दादाला सगळा सिनेमा ऐकू यायचा, दिसायचं काही नाही, आणि बघायला ये म्हणणं मला सुचत नसे. एका शनिवारी माझे बँकेतले साहेब सहकुटुंब आले होते. नायक बागेत नायिकेच्या मागं धावतोय, ती झाडाआड लपलीय, आता गाणं सुरू होणार... दादानं पलीकडं कळ फिरवली आणि भजनाची रेकॉर्ड लावली. नायिकेनं तोंड उघडलं आणि आतून टाळ-मृदंगासकट बुवा गाऊ लागले. नायकानं तिला मिठी मारली, बुवांनी गजर केला. साहेबांच्या सासूबाईंनी हात जोडले. मी भिंतीवर बुक्क्या मारतोय, पाहुणे हसून लोळतायत, आणि पलीकडं दादा त्याच्या त्या भट्टीवरच्या आवाजात वहिनींना विचारतोय, "काय गं, सिनेमा धार्मिक हाय जणू?"

मी सूड घेतला. क्रिकेट हा दादाचा जीव. सामना टीव्हीवर माझा, पण तो त्याच्या पेटीवर ऐकायचा. रेडिओ घ्यायला त्याला कमीपणा वाटायचा, कारण आवाज फुकट भिंतीतून येत होता. शेवटचं षटक सुरू झालं आणि मी पिन उपसून काढली. आमच्याकडं टीव्हीचा तळहाताएवढा आवाज चालू, त्याच्याकडं ठार शांतता. मी कान देऊन बसलो. खुर्ची सरकली, चपला वाजल्या. दादा आमच्या दारापर्यंत आला. दाराच्या पडद्याच्या फटीतून त्याची सावली दिसत होती. आत ये म्हणालो असतो तर तो आला असता का, मला माहीत नाही. 'कोण आहे?' असं मी मोठ्यानं विचारलं. सावली गेली. तो तसाच अनवाणी... नाही, चपला होत्या, खोटं कशाला... कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर जाऊन उभा राहिला आणि तिथल्या रेडिओवर निकाल ऐकून आला. पुढचे आठ दिवस त्यानं आमचा आवाज एवढा बारीक ठेवला की आई पेटीला कान टेकवून बसायची. मग तिनंच भिंतीवर काठी आपटली आणि दादाला नावानं हाक मारली, "इस्वास! तुझं आन् त्याचं असंल ते असंल. माजा आवाज दे!" आवाज लगेच आला. तिच्या काठीला त्यानं कधी वाट बघायला लावली नाही. माझ्या बुक्कीला मात्र मोजून मापून.

आई गेली. ती जोडणी तिच्यासाठी होती, म्हणजे आता वायर काढायला हरकत नव्हती. मला आता त्या वायरीची गरज नाही, असं मी बायकोला म्हणायचो. तो वहिनींना तेच म्हणायचा. पण आधी वायर कापेल तो हरला, असं दोघांच्याही मनात पक्कं बसलं होतं, त्यामुळं कुणी कापली नाही. रोज संध्याकाळी मी टीव्ही लावायचो, बुक्की मारायचो, तो आवाज द्यायचा. कधी लगेच, कधी बातम्या अर्ध्या झाल्यावर. मला खोकला झाला की बुक्की हळू पडतेय हे त्याला कळायचं, आणि भिंतीतून यायचं, "मेलास काय?" एवढी चौकशी.

शेवटची गाठ मटणाच्या दुकानात पडली, रविवारी सकाळी, तो जायच्या थोडे दिवस आधी. रांगेत तो पुढं, मी मागं. आम्ही घराबाहेर थेट बोलत नसू. भिंत असली की बोलायचो, नसली की नाही. दादा दुकानदाराला म्हणाला, "पाठीमागच्यास्नी इचारा, पेटी कवा देणार?" दुकानदार सुरा थांबवून माझ्याकडं बघू लागला. मी म्हटलं, "पुढच्यांना सांगा, मधला डबा मिळाला की." दुकानदार म्हणाला, "मालक, मटण सांगा, मटण! मागं लाईन कुठवर गेलीय बगा." दादानं पिशवी घेतली, वळला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "दोन्ही पेट्या एका जागी ऐकून मरायचंय म्हणावं." मी म्हटलं, "घाई काय आहे म्हणावं." घाई कुणाला होती, ते मला कळलं नाही.

दिवस-कार्य झाल्यावर वहिनींनी मला त्या दुपारचं सांगितलं. दादाला घाम आला होता म्हणे. छातीवर हात ठेवला, 'गोंगाट नको वाटतोय' म्हणाला आणि बटण फिरवलं. मी ऐकून घेतलं. पण मला ते पटलेलं नाही. दादा आणि गोंगाट नको? ज्याचं आयुष्य भट्टीपाशी गेलं, ज्याला कुजबुज माहीत नव्हती? आपण जिंकायच्या बेतात होतो, मी अलीकडं टाळ्या पिटत होतो, त्याला त्या ऐकू जात होत्या. त्यानं आवाज बंद केला तो माझा आनंद मोडायला. शेवटचा डाव त्यानं जिंकला, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे. दुखत होतं म्हणून बंद केला, हे नाही. त्या दादाला मी ओळखत नाही.

तेव्हापासून आमचा टीव्ही मुका आहे. बटण शून्यावर आहे आणि वहिनी ते कुणाला हात लावू देत नाहीत. बायको म्हणते, "अहो, पिन काढा की, टीव्हीचा आवाज येईल." मी म्हणतो, राहू दे. महिनाभर आम्ही हलणारी तोंडं बघतोय. पुतण्या पुण्याहून आला होता, म्हणाला, "काका, हे भिंतीतलं वायरींचं जाळं काढून टाकू, आईला छोटासा टेप आणून देतो." वहिनी म्हणाल्या, "काकास्नी इचार." मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार." असं दोन दिवस चाललं. मग तो सेट तसाच ठेवून पुण्याला गेला.

परवा मी कपाट उघडलं, तेच तडक्या आरशाचं. साड्यांच्या खालून बाबांची ती नमुन्याची रेकॉर्ड काढली, पुसली, आणि दादाच्या घरी गेलो. मी रेकॉर्ड तबकडीवर ठेवली. समोर मधला डबा, हिरवा दिवा, ते बटण. यासाठी मी उभा जन्म भांडलो होतो, आणि आता अडवायला कुणी नव्हतं. हात पुढं केला... आणि मागं घेतला. डबा दादानं दिलेला नव्हता ना. म्हटलं, "वहिनी, मी पलीकडं जातो. बुक्की मारली की सुई ठेवा आणि आवाज द्या." त्या म्हणाल्या, "किती देऊ?" मी म्हटलं, "तो द्यायचा तेवढा."

घरी येऊन पेटीवरच्या बरण्या उतरवल्या. आई गेल्यापासून त्या परत वर चढल्या होत्या. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो, पाय पसरून. बायको दारात उभी. बुक्की मारली. "आवाज दे!" तोंडातून सवयीनं तेच गेलं.

पेटीत आधी सुईची खरखर आली. मग दूर, दादाच्या घरात, दार करकरलं. बुटांचा आवाज निघाला, टाक टाक, त्याच्या खोलीतून, त्याच्या खुर्चीजवळून, भिंतीकडं. भिंतीपाशी क्षणभर बारीक झाला आणि मग अलीकडं, माझ्या खोलीत. मी पाय आखडून घेतले. तो माझ्या पुढून गेला, पेटीपाशी थांबला आणि खाकरला. मी वाट बघत राहिलो. तो वळला आणि आला तसा, टाक टाक करत, भिंतीतून दादाकडं गेला. पलीकडं दार लागलं.

नुसता खाकरायला आला होता.